काठीखालचं रबर

देवास, १२ जून १९८३, रविवार

दिवसभर इंदूरला फिरलो. बायकांच्या मापाची पावसाळी पॅन्ट कुठेही मिळत नाही. राजवाड्यामागच्या एका दुकानदारानं विचारलं, "किसके लिए चाहिए, भिया?" मी म्हणालो, "घर में." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं आणि छत्र्या दाखवायला सुरुवात केली.

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो. पुढे विचार भरकटले तर मूळ हेतू सापडायला हवा. एप्रिलमध्ये बकुळाच्या पायाचं प्लॅस्टर काढलं तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "अब चलकर कहाँ जाइएगा?" ती म्हणाली, "नालछा से मांडू. बारिश में." डॉक्टर हसले, नर्स हसली. मीही हसलो, आणि तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील बळवंतराव धारच्या दरबारात कारकून होते. दर श्रावणात मुलांना बैलगाडीनं नालछ्यापर्यंत आणि तिथून पायी मांडूला न्यायचे. तिथे ढग पायाशी असतात आणि आपण त्यांच्यावरून चालतो, असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगायची. त्याला अठरा वर्षं झाली. आम्ही दोघंच आहोत, न जाण्यासारखी अडचण कधी नव्हती. तरी मी तिला नेलं नाही.

आता नेणार. पण मांडीचं हाड एकदा मोडलेलं आहे, पुन्हा मोडलं तर उभं राहणंच कठीण, असं डॉक्टर म्हणाले आहेत. भिजलेली साडी पायाला गुंडाळते आणि माणूस पडतो. म्हणून चांगली काठी आणि पाणी आत न येणारी पॅन्ट, दोन्ही पारखून घ्यायची.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. गेल्या वर्षीच्या वहीत ५ डिसेंबर, रविवार, अशी नोंद आहे: 'जिन्याची तिसरी पायरी हलते. मंगळवारी सिमेंट आणणे.' सोमवारी बकुळा त्या पायरीवरून पडली. ही नोंद मी तिला दाखवलेली नाही.

१५ जून, बुधवार

कारखान्यात आमच्या इन्स्पेक्शन खात्यात एकजण हिमालयात भटकून आला आहे. त्याच्याकडच्या मासिकात चित्र आहे: डोंगर चढणाऱ्या माणसाच्या दोन्ही हातांत काठ्या. मजकूर म्हणतो, काठी टेकल्यावर कोपर काटकोनात यावं.

संध्याकाळी बकुळाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. ती न हलता उभी राहिली. तिच्या दंडाला साबणाचा वास होता. प्लॅस्टर असताना तिला उचलायचो, बसवायचो, पण ते काम होतं. आज टेप धरून मी बहुधा जरुरीपेक्षा जास्त वेळ उभा होतो.

"किती भरलं?" तिनं विचारलं.

"तीन फूट एक इंच."

"दोन काठ्या घेऊन चालले तर लोक म्हणतील गाय आली."

"मग एक तुला, एक मला."

"तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे पडलात?"



१९ जून, रविवार

टेकरीच्या पायथ्याशी मानाजींचं काठ्यांचं दुकान आहे. माताजींच्या दर्शनाला चढणारे म्हातारे त्यांच्याकडूनच काठ्या घेतात. मी बांबू, वेत आणि शिसव अशा तिन्ही दोन विटांवर आडव्या ठेवून मध्यभागी पाच किलोचं वजन टांगून पाहिलं. वेत वाकतो पण परत सरळ होतो. शिसव वाकत नाही, पण जड आहे. बांबूचा भरवसा पेरावर.

मानाजी बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भिया, काठी माणसासाठी आहे की पुलासाठी?"

वेताच्या दोन घेतल्या. खाली टोकाला रबर बसवून दिलं. खात्यातून परवानगी घेऊन व्हर्निअर घरी आणलं आहे. दोन्ही रबरांची जाडी मोजली: १२.० मिलिमीटर. दोन्ही काठ्या दाराशी कोपऱ्यात उभ्या केल्या. तिच्या काठीला ओळखीसाठी लाल दोरा बांधला.

२६ जून, रविवार

रेनकोटचं रबरी कापड इंदूरहून आणून उमाशंकर टेलरला दिलं. माप देताना म्हणालो, एक माझी, एक बाईंची.

"बाबूजी, लेडीज़ के लिए पैंट? वो भी बरसाती?" त्यानं टेप गळ्यात टाकून कानावरची पेन्सिल काढली. "फौज में भरती करा रहे हो क्या?"

बकुळाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. खूप दिवसांनी हसली. त्यासाठी तरी पॅन्ट शिवायलाच हवी.

३ जुलै, रविवार

पॅन्टी आल्या. शिवणीतून पाणी येणार हे उघड होतं, सुईनं भोकं पडतातच. पॅन्टचे पाय खाली दोरीनं बांधले, आत बादलीभर पाणी ओतलं आणि गॅलरीत टांगून ठेवल्या. दोन बिनडोक्याची माणसं फुगून लोंबकळल्यासारखी दिसत होती. शेजारच्या जमुनाबाई बाहेर येऊन थबकल्या.

"यो कईं टांग्यो है, भिया?"

बकुळा आतून म्हणाली, "हे आहेत आणि मी आहे, जमुनाबाई. गळतं का बघताहेत."

माझ्या पॅन्टला अकरा ठिकाणी गळती, तिच्या पॅन्टला चौदा. मेणबत्तीचं मेण घासून वरून कोमट इस्त्री फिरवली. दुसऱ्या वेळी तीन आणि दोन. अजून समाधान नाही.

५ जुलै, मंगळवार

पहाटे स्वप्न पडलं. दोन्ही पॅन्टी पाण्यानं भरलेल्या, धुक्यातून आपल्या आपण चालत होत्या. पावलांचा आवाज नव्हता, फक्त आतलं पाणी डचमळत होतं. मी मागून हाका मारत होतो, पण मला नाव आठवत नव्हतं. लाल दोऱ्याची काठी मात्र त्यांच्या पुढे, कुणीही न धरलेली, टेकत टेकत चालली होती. जागा झालो तेव्हा बकुळा खिडकीशी उभी राहून टेकरीकडे पाहत होती. ढग अर्ध्या टेकरीपर्यंत उतरला होता.

१४ जुलै, गुरुवार

रविवारी, १७ तारखेला, निघायचं ठरत होतं. निघण्यापूर्वी अखेरची तपासणी म्हणून काठ्या पाहिल्या. माझ्या काठीचं रबर १२.० मिलिमीटर. तिच्या काठीचं ९.६. तीनदा मोजलं. काठी महिनाभर कोपऱ्यात नुसती उभी आहे! उभ्या उभ्या झिजणारं रबर डोंगरात काय टिकणार? बहुतेक हवेनं सुकून त्याचा भुगा होतो आहे. माल निकृष्ट. बेत पुढे ढकलला.

बकुळाला म्हणालो, "तुझ्या काठीचं रबर खराब निघालं."

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. मग म्हणाली, "असं का? मग आता?"

"बदलून आणतो."

"आणा," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. तिच्या गालावर पीठ लागलं होतं.

१६ जुलै, शनिवार

मानाजींकडे जाऊन जरा कडक बोललो. बोललो ते बरोबर केलं का, असं आता वाटतंय, कारण म्हातारा भला वागला. त्यांनी रबर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं आणि माझ्याकडे पाहून हसले.

"कोपऱ्यात उभी होती म्हणता?"

"जागची हलली नाही."

"हो का?" त्यांनी डबा धुंडाळून नवं रबर बसवून दिलं. "ले जाओ भिया, इसका कुछ नहीं लगेगा. असं रबर झिजलेलं बघून मला आनंद होतो."

स्वतःच्या मालाचा दोष कळल्यावर आनंद होणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. इतका प्रामाणिकपणा माझ्यात आहे का, हा विचार घेऊन घरी आलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, जिथे आता नवं सिमेंट आहे, जरा थांबलो.

३१ जुलै, रविवार

पॅन्टी घडी करून कपाटात ठेवल्या होत्या. तिच्या पॅन्टला उजव्या गुडघ्यावर हिरवा डाग आहे. घासल्यावर बोटाला शेवाळासारखं लागलं. कापडाला बुरशी धरली, दुसरं काय. दमट हवेत रबरी कापड घडी करून ठेवणं ही माझीच चूक. माझ्या पॅन्टला मात्र डाग नाही, हे विचित्र आहे. एकाच ताग्याचं कापड असूनही असं होऊ शकतं.

दुपारी चहाबरोबर खोबऱ्याचा तुकडा आणि साखरफुटाणे मिळाले. सण कोणता, विचारलं. बकुळा म्हणाली, "प्रसाद आहे, खा." जमुनाबाई देऊन गेल्या असतील.

तिचा गुडघा खरचटलेला दिसला. म्हणाली, मोरीत घसरले. मी लगेच मोरीची फरशी घासून घेतली. आता निघायला धरलेला पुढचा रविवार, म्हणजे ७ तारीख, तोही रद्द. खरचटलेल्या गुडघ्यानं जाणं शहाणपणाचं नाही.

८ ऑगस्ट, सोमवार

धारहून तिचे भाऊ मल्हारराव यांचं पत्र: 'शरदराव, पावसाळा सरकारी नोकरीत नाही, तुमच्यासाठी मुदतवाढ घेणार नाही. मांडूला बस जाते. सौ. बकुळाबाईस घेऊन बसनं यावे.'

पत्र तिला वाचून दाखवलं. संध्याकाळी गॅलरीत बसून तिनं पायाला तेल लावलं. मी विचारलं, दुखतो का? म्हणाली, "दुखतो. पण निराळा दुखतो. काम केल्यासारखा." कुठलं काम? भांड्यांना बाई आहे.

आज स्वतःला एक प्रश्न विचारला. मी खरोखर काठी तपासतो आहे की आणखी काही? पाय पुन्हा मोडला तर दोष काठीचा असेल, पॅन्टचा असेल, शिवणीचा असेल. सगळं निर्दोष असून ती पडली तर मात्र दोष द्यायला कुणी उरणार नाही. हे लिहिलं, पण त्याचं काय करायचं ते कळत नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

नवं रबरही झिजलं! तिच्या काठीचं ८.९, आणि तेही एका बाजूनं जास्त. माझ्या काठीचं १२.० कायम. एका बाजूनं झीज म्हणजे काठी कललेली. तेव्हा कोपऱ्यातल्या फरशीवर लेव्हल ठेवून पाहिली. फरशीला उजवीकडे किंचित उतार आहे. तिची काठी बरोबर त्या उतारावर उभी असते. म्हणजे मानाजींचा दोष नव्हता, फरशीचा होता. उगाच त्या माणसाला बोललो. काठ्यांच्या जागा बदलल्या. आता माझं रबर झिजतं का, ते पंधरा दिवस पाहायचं.

बकुळा दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही फार हुशार आहात."

का कोण जाणे, मला ते स्तुतीसारखं वाटलं नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

जेवताना बकुळा म्हणाली, "अठ्ठावीसला मी मांडूला जाणार आहे. भाऊला पत्र टाकलंय."

"पण रबराचे पंधरा दिवस..."

"रबर घरी ठेवा. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."

ती इतक्या शांतपणे बोलली की मी पुन्हा भात वाढून घेतला. भूक नव्हती.

धार, २७ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी पोचलो. मल्हाररावांकडे जेवण झालं. उद्याची तयारी म्हणून बकुळानं सगळ्यांसमोर पॅन्ट झटकून खुंटीला लावली. मल्हाररावांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"ताई, हे तू घालणार? नालछ्याच्या चौकातून? आपल्या आईसाहेब असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"आईसाहेब घोड्यावर बसायच्या ना, भाऊ?"

"बसायच्या. पण काष्टा घालून!"

"मग? काष्टा म्हणजे न शिवलेली पॅन्टच की. ह्यांनी शिवून घेतली, इतकंच."

मल्हारराव सुपारी कातरू लागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शरदराव, बहीण माझी, पण जबाबदारी तुमची हो." मला माहीत आहे. ती मी साडेआठ महिने खिशात घेऊन फिरतो आहे.

मांडू, २८ ऑगस्ट, रविवार

धर्मशाळेत बसून लिहितो आहे.

सकाळी बसनं नालछ्याला उतरलो. बकुळाच्या अंगात पॅन्ट, वरून माझा जुना रेनकोट आणि कपाळावर नेहमीचं कुंकू. चहावाला बघत राहिला आणि मग त्यानं तिला चहा माझ्याआधी दिला. पाऊस नव्हता, पण हवेत पाणी भरून होतं. रस्ता चढू लागला तसे ढग झाडांतून खाली आले. थोड्या वेळानं पाच हातांपलीकडचं दिसेना. कुठे थडगं, कुठे पडकी कमान धुक्यातून वर यायची आणि आपण जवळ जाईपर्यंत पुन्हा विरायची. गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, गुरं नाहीत. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं, हे मी आधी पाहिलंय.

बकुळा पुढे होती. मी ठरवलं होतं की तिच्या अर्धा पाऊल मागे, डाव्या हाताला राहायचं, पडली तर धरता येईल. पण मला ते अंतर टिकवता येईना. माझ्या पॅन्टमध्ये पावसाचा थेंब आला नाही, पण घामानं पाय गुडघ्यापर्यंत भिजले. धाप लागली. ती मात्र लयीत चालली होती. आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. कुठे शिकली? अर्ध्या तासानं ती दिसेनाशी झाली. फक्त तिच्या काठीचा आवाज येत होता. रबर इतकं पातळ झालंय की आता आतली खिळ्याची टोपी दगडावर वाजते, टक्, टक्. त्या आवाजामागून चालत राहिलो.

दरीच्या वरच्या वळणावर पडलो तो मी. शेवाळावर पाय गेला आणि सरळ बसलो. काठी हातातून सुटून घरंगळली. टक् टक् थांबलं, मग परत जवळ आलं. धुक्यातून आधी लाल दोरा दिसला, मग ती.

"लागलं?"

"नाही."

"मग बसा थोडं." ती शेजारच्या दगडावर बसली. खाली सगळा ढग होता, दरी नव्हतीच. तिनं बोट दाखवलं. "बघा. सांगत नव्हते मी? पायाशी असतात."

मी बघितलं. मग म्हणालो, ते म्हणायला निराळी जागा सापडणार नव्हती. "बकुळा, ती पायरी हलते हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. वहीत लिहून ठेवलंय. मंगळवारी सिमेंट आणणार होतो. तुला सांगितलं नाही."

एक बगळा ढगातून वर आला आणि पुन्हा आत गेला.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून हलत होती ती. रोज त्याच पायरीवरून पाणी आणत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही महिनाभर ती मोजत बसला असता. म्हटलं, आपणच जपून उतरावं." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मीही नाही सांगितलं, तुम्हीही नाही. पडायला झालं ते असं."

तिच्या आवाजात राग होता, आणि तो होता म्हणून मला हलकं वाटलं. आजवर तिनं मला रागच दाखवला नव्हता.

ती काठीवर जोर देऊन उठली आणि मला हात दिला. "चला. टेकरीपेक्षा सोपं आहे हे."

"कोणती टेकरी?"

"आपली. तुम्ही कारखान्यात गेलात की तीन वाजता निघत होते. पहिल्या दिवशी दहा पायऱ्या. पाऊस असला की साडीखाली ही पॅन्ट. एकदा पडले, गुडघ्यावर. वर पोचले त्या दिवशी प्रसाद आणला होता, दुसऱ्या दिवशी तुम्ही खाल्लात."

मी उभाच राहिलो. खोबरं, शेवाळ, नऊ पूर्णांक सहा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मागे आला असता. मग मी पायरी बघितली नसती, तुमचं तोंड बघितलं असतं."

मांडूत शिरलो तेव्हा दुपार टळली होती. दरवाजाच्या कमानीखाली ती थांबली, भिंतीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी घड्याळ पाहिलं नाही.

देवास, ३० ऑगस्ट, मंगळवार

जुलैपासूनच्या नोंदी पुन्हा वाचल्या. मापं सगळी बरोबर आहेत. १४ जुलैच्या 'माल निकृष्ट' या शब्दांवर रेघ मारली. फरशीच्या उतारावरही मारली. ८ ऑगस्टच्या परिच्छेदावर मारली नाही.

अर्धा दिवस रजा टाकून मानाजींकडे माफी मागायला गेलो. बकुळा बरोबर होती.

"अरे भिया, कसली माफी!" त्यांनी तिच्या काठीला तिसरं रबर बसवलं. "भाभी रोज समोरून जायच्या. मी म्हटलं, भिया को बता दूँ? म्हणाल्या, नको, ते मोजायला बसतील." मग माझी काठी उचलून खालून पाहिली. "आणि हे? हे तर कोरं आहे."

मांडूला घरंगळल्यानं टोकाला जरा खरवडलं आहे, तेवढंच. मी म्हणालो, "आता झिजेल."

तीन वाजता चढायला लागलो. पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तरी साठपर्यंत मोजल्या. पुढे दम लागला. ती बरीच वर गेली होती. खाली गाव ओलं आणि मऊ दिसत होतं, कारखान्याचा धूर आणि ढग यांतला फरक कळत नव्हता. कठड्याला टेकून उभा होतो तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"अहो, जपून या. वळणानंतरची दुसरी पायरी हलते."

मी पोचल्यावर आधी काठी टेकून पाहिली. हलत होती.